फिलिंगच्या गोंदाने दाताची नस मरते का?

प्रश्न (थोडक्यात): मुलुंडला राहणाऱ्या आणि फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या ३६ वर्षांच्या एका वाचक भगिनीने तीन आठवड्यांपूर्वी खालच्या उजव्या दाढेत पांढरं फिलिंग करून घेतलं. कीड खोल होती. "नसेच्या अगदी जवळ गेलं होतं, थोडक्यात वाचलं," असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून थंड पाणी लागलं की दोन-चार सेकंद कळ येते. त्या बाजूने चावतानाही कधीकधी लागतं. रात्री दुखत नाही, गोळी घ्यावी लागलेली नाही. अशातच दिरांनी मोबाइलवर एक मेसेज पाठवला: फिलिंग चिकटवायच्या गोंदात प्लास्टिकची रसायनं असतात, ती नसेत उतरतात आणि नस आतल्या आत मरते. जेल नेलपॉलिशमध्येही तेच रसायन असतं, असंही त्यात होतं. आणि त्या पॉलिशने यांच्या बोटांना पूर्वी पुरळ आलं होतं. त्यामुळे त्या घाबरल्या आहेत. फिलिंग काढून चांदी भरून घ्यावी, एकदाचं रूटकनाल करून टाकावं की वाट पाहावी, असा त्यांचा पेच आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या पक्क्या दाढेचं फिलिंगही त्यांनी याच भीतीने पुढे ढकललं आहे.

उत्तर:

ताई, दिरांनी पाठवलेल्या मेसेजमधलं पहिलं वाक्य खोटं नाही. दवाखान्यात ज्याला नुसतं 'बॉन्डिंग' म्हणतात, त्या द्रवात मिथॅक्रिलेट कुळातली रसायनं असतात. हेमा, बिस-जीएमए, टेगडीएमए, यूडीएमए ही त्यांतली नेहमीची नावं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ही रसायनं न घट्ट झालेल्या अवस्थेत टाकली, तर पेशींना सांभाळणारं ग्लुटाथायोन संपत जातं आणि पुरेशी मात्रा झाली की पेशी मरतात. हे पुन्हा पुन्हा दिसून आलेलं आहे.

मेसेज चुकतो तो पुढच्या उडीत. बशीतल्या पेशी आणि रसायन यांच्या मध्ये काहीच नसतं. तुमच्या दाढेत मध्ये एक भिंत आहे. म्हणून 'गोंद विषारी आहे का' या प्रश्नाचं 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर तुमच्या काही उपयोगाचं नाही. गोंद आणि नस यांच्या मध्ये किती भिंत उरली होती, तिथे आधी काही लावलं का, आणि गोंद नीट घट्ट झाला का, हे तीन प्रश्न उपयोगाचे आहेत. तुमच्या दाढेचं भवितव्य त्यांच्यावर ठरतं.

ही भिंत म्हणजे डेंटिन. वरचं कडक इनॅमल संपलं की डेंटिन लागतं आणि त्याच्या आत आपण जिला 'नस' म्हणतो ती असते. खरं तर ती एकटी नस नसते. रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि नवं डेंटिन तयार करणाऱ्या पेशी असा तो जिवंत गाभा आहे. डेंटिन वरून भरीव दिसतं, पण त्यातून बारीक नळ्या थेट गाभ्यापर्यंत जातात. बाहेरच्या बाजूला एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा साधारण २०,००० नळ्या असतात. गाभ्याजवळ ती संख्या सुमारे ४५,००० पर्यंत जाते आणि प्रत्येक नळीचं तोंडही रुंद होतं, जवळपास अडीच मायक्रॉन. म्हणजे कीड जितकी खोल, तितकी भिंत पातळही होते, ओलीही आणि सच्छिद्रही. एकाच बाटलीतला गोंद उथळ खड्ड्यात निर्धास्त वापरता येतो आणि खोल खड्ड्यात जपून वापरावा लागतो, त्याचं कारण हे.

किती भिंत पुरते? दंतशास्त्रात नेहमी धरला जाणारा हिशेब असा की अर्धा मिलिमीटर डेंटिन शिल्लक असेल तर वरून येणाऱ्या रसायनाचा त्रास सुमारे तीन चतुर्थांश कमी होतो, आणि एक मिलिमीटर असेल तर जवळजवळ नऊ दशांश. अर्धा मिलिमीटर म्हणजे छपाईच्या साध्या कागदाची पाच पानं एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी जाडी. इतक्या थोड्या भिंतीने एवढं काम होतं, कारण डेंटिन रसायन अडवतं आणि शोषूनही घेतं. शिवाय नळ्यांमधला द्रव सतत हलक्या दाबाने आतून बाहेर येत असतो आणि गाभ्यातलं रक्त जे काही आत पोहोचेल ते वाहून नेत असतं. बशीत यातलं काहीच घडत नाही.

हेमा मात्र या सगळ्यांत चपळ. त्याचा रेणू लहान असतो (रेणुभार सुमारे १३०) आणि तो पाण्यात सहज मिसळतो, म्हणून ओल्या नळ्यांतून आत सरकायला त्याला सोपं जातं. बिस-जीएमए त्याच्या जवळपास चौपट जड आणि पाण्याशी फटकून वागणारा. निळा लाइट मारला की हे सुटे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि त्यांची जाळी तयार होते. ती कधीच शंभर टक्के पूर्ण होत नाही, थोडे रेणू सुटे राहतात. पण ते झिरपतात मुख्यतः पहिल्या दिवसात, फार तर पहिल्या काही दिवसांत. तुमच्या फिलिंगला तीन आठवडे झाले आहेत. आज थंड पाण्याने जी कळ येते तिचं कारण गोंद अजून नसेत उतरतोय हे असण्याची शक्यता फार कमी आहे. कारण दुसरीकडे शोधायला हवं, त्याकडे येतेच.

त्याआधी, दिरांची भीती जिथे खरोखर लागू पडते ती जागा सांगायला हवी. कीड काढताना गाभा उघडा पडला आणि गोंद थेट त्यावर लावला, तर ते वाईटच. १९९०च्या दशकात हा प्रकार बऱ्यापैकी चालला होता, कारण माकडांच्या दातांवर निकाल चांगले आले होते. मग दात सरळ करण्यासाठी जे निरोगी दात तसेही काढायचे होते, त्यांच्यावर रुग्णांच्या संमतीने हाच प्रयोग झाला आणि काढलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. तिथे गाभ्यात शिरलेले गोंदाचे थेंब, त्यांच्याभोवती जमलेल्या राक्षसपेशी (बाहेरच्या वस्तूला घेरणाऱ्या मोठ्या पेशी) आणि महिनोन्‌महिने न विझणारी सूज दिसली. नव्या डेंटिनचा पूल बऱ्याच ठिकाणी बांधलाच गेला नव्हता. म्हणून आज उघड्या गाभ्यावर एमटीए किंवा बायोडेंटिनसारखं कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट लावतात. जुना पर्याय कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा. त्याआधी सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा काही मिनिटं धरून रक्त थांबवतात. पाच-दहा मिनिटांत रक्त थांबलं नाही तर वरचा सुजलेला भाग काढून खालच्या निरोगी भागावर तेच सिमेंट ठेवतात. बॉन्डिंग त्याच्यावर येतं, त्याच्याऐवजी नाही.

'थोडक्यात वाचलं' याचा अर्थ तुमचा गाभा बहुधा उघडा पडला नव्हता. पण हा अंदाज माझा. डॉक्टरांना सरळ विचारा: "नस उघडी पडली होती का? आणि खोल भागात बॉन्डिंगच्या आधी काय लावलं होतं?" हा प्रश्न कुणाचा अपमान करणारा नाही. उत्तर त्यांच्या नोंदीत असतं आणि तुमच्या पुढच्या निर्णयाला लागतं.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीतक जरा तपासून पाहू. तुम्ही धरून चालला आहात की नसेचा शत्रू गोंद आहे. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला होता. दोन्ही गटांतल्या उंदरांच्या दाढांमध्ये भोक पाडून गाभा उघडा सोडला. साध्या उंदरांमध्ये गाभा सडला, पू झाला. जन्मापासून पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये भोकात अन्न अडकून बसलं तरी गाभा जिवंत राहिला आणि त्यावर नवं डेंटिन तयार झालं. जखम दोघांनाही सारखीच होती, फरक फक्त जंतूंचा. गेली साठ वर्षं नस वाचवण्याचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे: जंतूंना आत येऊ देऊ नका. आणि फिलिंग व दात यांच्या मधली फट बुजवण्याचं काम करतो तो हाच गोंद. नीट लावला तर तो नसेचा पहारेकरी असतो. वाईट लावला तर खालून वाट मोकळी राहते, आणि तेव्हा नुकसान करतात ते त्या वाटेने आलेले जंतू.

म्हणून डॉक्टरांनी कोणता गोंद वापरला एवढंच न विचारता तो कसा लावला हे विचारा. ज्यांचं खोल फिलिंग अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठीही हे सविस्तर सांगते, म्हणजे खुर्चीत बसल्यावर काय चाललंय ते कळेल.

पहिली गोष्ट, दात वेगळा करणं. दाताभोवती रबराचा पातळ पडदा बसवतात, त्याला रबर डॅम म्हणतात. तोंडाच्या आतली हवा श्वासामुळे जवळजवळ पूर्ण दमट असते आणि खालच्या दाढेला जीभ व थुंकी शेजारीच. लाळेचा एक थेंब गोंदाच्या थरावर आला की तो थर वाया जातो. कापसाच्या वळकट्या आणि थुंकी ओढणारी नळी एवढ्यावरही काम होऊ शकतं, पण खोल दाढेसाठी मी रबर डॅमचा आग्रह धरीन. तो लावायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ मागून घ्यावा.

मग कीड काढणं. कडेची कीड पूर्ण काढायची, कारण गोंद खरा तिथेच धरतो. पण नसेच्या वरच्या भागात मऊ किंवा चामड्यासारखं थोडं डेंटिन मुद्दाम ठेवणं आज योग्य मानलं जातं. ते खरवडून काढलं तर गाभा उघडा पडतो, आणि वरून घट्ट बंद केलं तर आत अडकलेल्या जंतूंना खायला मिळत नाही. "डॉक्टरांनी कीड आतच ठेवली" असं कुणी सांगितलं तर ती हयगय समजू नका.

त्यानंतर निळी जेल. ती ३७ टक्क्यांच्या आसपासची फॉस्फरिक आम्लाची असते. इनॅमलला ती १५ ते ३० सेकंद हवी. डेंटिनवर १५ सेकंदांपेक्षा जास्त राहिली तर नळ्यांची तोंडं फार खोलवर उघडतात आणि गोंद तिथपर्यंत पोहोचत नाही. जेल धुतल्यावर डेंटिन हवेने खडखडीत कोरडं केलं तर आतलं कोलॅजनचं (प्रथिनाच्या तंतूंचं) जाळं ओल्या केसांसारखं चिकटून खाली बसतं, तेव्हाही गोंद आत शिरू शकत नाही. उघड्या पण न भरलेल्या नळ्या म्हणजे पुढे शिवशिवणारा दात. खोल खड्ड्यात म्हणूनच जेल फक्त कडेच्या इनॅमलला लावतात, आणि डेंटिनवर स्वतःच सौम्य आम्ल असलेला 'सेल्फ-एच' (self-etch) किंवा 'युनिव्हर्सल' जातीचा गोंद वापरतात. त्यातलं १०-एमडीपी नावाचं रसायन दातातल्या कॅल्शियमशी थेट बंध जोडतं, आणि नळ्या उघड्या पाडाव्या लागत नाहीत. तुमच्यासारख्या दाढेसाठी मी हीच पद्धत निवडीन.

उरलेली भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आत वाटत असेल तर त्या ठिपक्यापुरतं कॅल्शियम सिलिकेटचं किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं सिमेंट, त्यावर ग्लास आयोनोमर या दाताला स्वतःच चिकटणाऱ्या सिमेंटचा पातळ थर, आणि मग बॉन्डिंग. भिंत जाड असेल तर हे थर द्यायची गरज नसते. उगाच जाड सिमेंट घातलं तर गोंदाला धरायला जागाच उरत नाही.

गोंद बारीक ब्रशने १५-२० सेकंद चोळावा लागतो, नुसता फासून भागत नाही. नंतर हलक्या हवेने त्यातलं अल्कोहोल किंवा अॅसिटोन उडवायचं, द्रव हलायचा थांबेपर्यंत. इथे घाई झाली तर आत ओला, अर्धा कच्चा थर राहतो, आणि त्यातूनच सुटे रेणू सर्वांत जास्त झिरपतात. मग लाइट, उत्पादकाने सांगितलेला पूर्ण वेळ, साधारण १० ते २० सेकंद. खोल खड्ड्यात लाइटचं टोक तळापासून सहा-आठ मिलिमीटर लांब राहतं, म्हणून तिथे वेळ वाढवावा लागतो. पण लाइटची उष्णता हाही वेगळा धोका. माकडांवर १९६५ मध्येच झालेल्या एका अभ्यासात गाभ्याचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं तेव्हा सुमारे १५ टक्के दातांचा गाभा सावरला नव्हता. पातळ भिंतीवर लाइट मारताना मधे थांबणं आणि बाजूने हवा सोडणं म्हणूनच महत्त्वाचं. शेवटी फिलिंगचं सामान दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत. ते घट्ट होताना दोन-तीन टक्के आकसतं. एकदम ढीग भरला तर ते कडा ओढून घेतं आणि तळाशी फट पडते.

बाटलीचीही गोष्ट आहे. झाकण उघडं राहिलं की आतलं अॅसिटोन उडून जातं, आणि काही गोंद फ्रिजमध्येच ठेवावे लागतात. मुंबईच्या मे महिन्यात हे विसरून चालत नाही. शेवटची तारीख विचारायला संकोच करू नका.

आता तुमची कळ. नळ्यांमधला द्रव थंडीने झटकन सरकतो आणि आतल्या चेतातंतूंना ओढ बसते. तळाशी बारीक फट असेल, काही नळ्या न भरता राहिल्या असतील, किंवा खोल कीड काढताना गाभा मुळातच चिडलेला असेल, तर ही ओढ जास्त जाणवते. थंड लागल्यावर यावी, दोन-चार सेकंदांत जावी आणि मागे काही उरू नये, अशी कळ परत फिरू शकणाऱ्या सुजेची असते. खोल फिलिंगनंतर ती काही आठवडे राहणं अगदी सामान्य आहे. नस मरत असल्याचं ते लक्षण नाही. मेलेल्या नसेला थंड कळतच नाही.

पत्रात तुम्ही ओघात लिहिलेलं 'चावताना लागतं' हे मला थंडीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. खालच्या दाढेला भूल दिली की ओठ-जीभ दोन-तीन तास बधिर असतात. फिलिंग झाल्यावर "चावून बघा" म्हणतात तेव्हा तुम्ही नेहमीसारखं चावतच नाही, आणि केसाएवढा उंचवटा राहून जातो. दिवसभर तीच दाढ आधी टेकते, मुळाभोवतीचा पडदा दुखावतो आणि चिडलेल्या गाभ्याला शांत व्हायला उसंत मिळत नाही. यावरचा उपाय पाच मिनिटांचा आहे: भूल न देता निळ्या-लाल कागदावर चावायचं, डाग पडेल तिथे किंचित घासायचं. बाजूला सरकवूनही चावा, नुसतं वर-खाली नाही. हे याच आठवड्यात करून घ्या. कित्येकांची कळ एवढ्यावरच पुढच्या काही दिवसांत उतरते. दाब सोडताना कळ येत असेल तर मात्र दाताला तडा असण्याचा किंवा तळाशी फट असण्याचा विचार करावा लागतो, तेव्हा डॉक्टरांना 'चावताना' की 'सोडताना' हे नेमकं सांगा.

त्याच भेटीत दोन गोष्टी मागा. थंड फवारा मारलेला कापसाचा बोळा या दाढेला, शेजारच्या दाढेला आणि डाव्या बाजूच्या जोडीच्या दाढेला लावून तिघींची तुलना. आणि मुळाच्या टोकापर्यंत दिसेल असा एक छोटा एक्स-रे, पुढे तुलना करायला.

मग घरी वही ठेवा. दर तीन-चार दिवसांनी, एकाच वेळी, फ्रिजमधल्या पाण्याचा एक घोट त्या बाजूला घ्यायचा आणि कळ किती सेकंद टिकते ते मोजायचं. रोज दहा वेळा खात्री करत बसू नका, त्याने दात चिडतो. आकडा उतरत असेल तर सहा आठवडे निश्चिंतपणे थांबा. कळ अर्ध्या मिनिटाच्या वर रेंगाळू लागली, गरम चहाने ठणका सुरू झाला आणि थंड पाण्याने उलट बरं वाटू लागलं, काही न करता दुखू लागलं, रात्री झोपेतून उठवलं किंवा हिरडीवर पुटकुळी आली, तर वाट पाहणं तिथेच थांबवायचं. दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या.

एक फसवी अवस्थाही असते. दुखणं अचानक पूर्ण थांबतं आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण कधीकधी गाभा गुपचूप मेलेला असतो. म्हणून दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी आणि वर्षाने थंडीची तपासणी आणि एक्स-रे करून घ्यायचा.

तुमच्या तीन पर्यायांपैकी चांदीचा पर्याय मला मुळीच पटत नाही. फिलिंग काढताना दरवेळी थोडा निरोगी दातही जातो, आणि तुमच्याकडे घालवायला भिंत उरलेली नाही. पांढरं फिलिंग आणि दात यांचा रंग सारखा असल्याने कुठे थांबायचं ते कळणंही अवघड. शिवाय चांदी धातू आहे, ती थंडी आणखी भरभर आत नेते. ज्या गोष्टीचा त्रास होतोय तीच वाढेल.

'एकदाचं रूटकनाल' यातल्या 'एकदाचं' या शब्दाबद्दल मला काळजी वाटते. दुखणं कायमचं संपवायचा सुरक्षित मार्ग म्हणून आपण त्याच्याकडे पाहतो. गरज असते तेव्हा तो उपचार दात वाचवतोच. पण जिवंत गाभा दाढेला पाणी पुरवतो, जंतू आले तर लढतो, नवं डेंटिन बांधतो आणि दाढेवर किती जोर पडतोय याची जाणीव देतो. तो काढायचा तर वरून आणखी भोक पाडावं लागतं, दाढ ठिसूळ होते आणि बहुतेक वेळा कॅप बसवावी लागते. दोन-चार सेकंदांच्या कळेसाठी ही किंमत मोजू नये. सहा आठवड्यांनंतरही आकडा जिथल्या तिथे राहिला, तर रूटकनालच्या आधी एक पायरी आहे: फिलिंग जपून काढायचं, खोल भागावर सिमेंटचा थर द्यायचा, काही आठवडे ग्लास आयोनोमरने बंद ठेवायचं आणि दाढ शांत झाली की पुन्हा भरायचं.

दुसरं मत हवं असेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय तुमच्या ऑफिसच्या वाटेवरच आहे, आणि मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे फिलिंग आणि रूटकनालचा स्वतंत्र विभाग असतो. सकाळी लवकर जा, एक्स-रे आणि आधीच्या डॉक्टरांनी काय लावलं त्याची चिठ्ठी सोबत न्या.

नखांच्या पुरळाचा मुद्दा मात्र तुम्ही अगदी बरोबर पकडलात. अनेक जेल पॉलिशमध्ये हेमा असतं आणि त्याची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. ही अॅलर्जी दंतवैद्य आणि त्यांच्या मदतनिसांमध्येही दिसते, कारण हेमा लॅटेक्स आणि नायट्राइलच्या हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जातं. अॅलर्जी आणि नस मरणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या हिरड्या-गालांना खाज, फोड, सूज काहीच आलेलं नाही, म्हणजे या फिलिंगने ती चाळवलेली दिसत नाही. तरी त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून करतात ती अॅलर्जीची तपासणी) करून घ्या, निकाल दातांच्या कागदांसोबत ठेवा आणि पुढच्या वेळी हेमा नसलेला गोंद मागा, तसे मिळतात. गोंद हिरडीवर ओघळू नये म्हणून अशा रुग्णांत रबर डॅम आणखीच हवा. पुढेमागे अंगावर मोठी शस्त्रक्रिया व्हायची असेल तर तिथेही ही अॅलर्जी सांगून ठेवा, कारण हाडांच्या सिमेंटमध्ये याच कुळातलं रसायन असतं.

मुलाचं फिलिंग पुढे ढकललंत, ते पहिल्यांदा करा. पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. नवव्या वर्षी तिचा गाभा मोठा आणि नळ्या रुंद असतात, म्हणून कीड मोठ्यांपेक्षा भराभर आत पोहोचते. आज उथळ असलेला खड्डा मार्चच्या परीक्षेपर्यंत नसेला टेकलेला असू शकतो. उथळ असताना भरला तर गोंद आणि नस यांच्या मध्ये जाड भिंत असते, आणि तुम्हाला वाटणारी भीती तिथे लागूच होत नाही. त्याच्यासाठी चांदीचा विचार करत असाल तर चांदीच्या फिलिंगमध्ये पारा असतो, आणि २०२२ मध्ये पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या देशांनी ठरवलंय की पंधरा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायकांना दंतवैद्याला अगदी आवश्यक वाटल्याखेरीज ती भरू नये. बाकीच्या तीन दाढांच्या खाचांत सीलंट भरून घेता आलं तर उत्तम. ते फक्त इनॅमलवर बसतं, नसेशी त्याचा संबंधच येत नाही. त्यातल्या बिस्फेनॉल-ए या प्लास्टिकमधल्या रसायनाबद्दल लोक विचारतात. ते घटक म्हणून घातलेलं नसतं, पण काही सीलंटमधून लावल्या लावल्या अत्यल्प प्रमाणात सुटू शकतं. म्हणून लाइट मारून झाल्यावर वरचा चिकट थर कापसाने पुसून घ्यायचा, मुलाला अर्धा मिनिट खळखळून चूळ भरायला लावायची आणि थुंकायला सांगायचं. हे खुर्चीत बसलेलं असतानाच व्हायला हवं.

भेटीच्या आधी घरी त्याच्या दाढेत लवंगेचं तेल घालू नका, तुमच्याही नाही. त्यातलं युजेनॉल गोंद नीट घट्ट होऊ देत नाही, आणि खोल खड्ड्यात जास्त झालं तर गाभ्यालाच जाळतं. आधी कुणी लवंगेच्या वासाचं तात्पुरतं सिमेंट भरलं असेल तर तेही सांगा. आणि एखाद्या दिवशी ऐन लोकलमध्ये कॅप किंवा फिलिंगचा तुकडा हातात आला, तर स्टेशनबाहेर मिळणाऱ्या झटपट गोंदाच्या ट्यूबने तो चिकटवायचा नाही. तो गोंद ओलाव्यात घट्ट होताना तापतो, जिवंत दाताला आणि हिरडीला भाजतो, आणि कॅप वाकडी बसली तर काढताना दात तुटतो. तुकडा स्वच्छ डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका आणि एक-दोन दिवसांत दाखवा.